जुना व्ही.सी.आर. : भंगार की दप्तर?

(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जे सामान खाली येते, त्यात व्ही.सी.आर. नावाची एक काळी, जड पेटी अनेक घरांत सापडते. ‘बंद आहे, टाका भंगारात,’ असा तिचा निकाल एका मिनिटात लागतो आणि तिच्याबरोबर पाच-सात कॅसेटीही किलोच्या भावाने जातात. मित्रहो, या निकालाविरुद्ध मला अपील करायचे आहे. जुना व्ही.सी.आर. साफ करून चालता ठेवणे याला लोक छांदिष्टपणा म्हणतात. माझ्या मते आपल्यासारख्या घरांचे ते कर्तव्य आहे.

या यंत्राचे आयुष्य फार मोठे नाही. जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने व्ही.एच.एस. पद्धत १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले आणि मग व्हिडिओचा जमाना सुरू झाला. वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हिडिओ भाड्याने आणायचा आणि उजाडेपर्यंत तीन-तीन पिक्चर बघायचे, हे आपल्या आईवडिलांच्या पिढीने अनुभवले आहे. पाठोपाठ लग्नाचे शूटिंग आले. पुढे सी.डी. आली, मोबाईल आला आणि जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्ही.सी.आर.चे उत्पादन थांबवले. या यंत्रांची ती शेवटची उत्पादक कंपनी होती. आता जी यंत्रे घराघरांत पडून आहेत, तेवढीच आपली.

इतिहासाच्या तासाला आपण वि. का. राजवाडे यांच्याविषयी शिकतो. त्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. ज्यांच्या वाड्यांत दप्तरे होती, त्यांचा इतिहास उभा राहिला. पण ज्यांच्या घरात दप्तरच नव्हते, त्यांचे काय? माझ्या आजीला अक्षरओळख नाही. कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. आमच्या घराची कागदपत्रे म्हणजे सातबारा, रेशनकार्ड आणि १९९६ साली झालेल्या आत्याच्या लग्नाची एक कॅसेट. माझ्या जन्माआधीच गेलेले आजोबा त्या कॅसेटमध्ये चालतात, बोलतात, मांडववाल्यावर रागावतात. हळदीच्या रात्री आजी आणि तिच्या जावा गाणी म्हणतात, तीही तिच्यात आहेत. ती गाणी आमच्या घरात कोणी कागदावर उतरवून घेतलेली नाहीत आणि त्या जावांपैकी आज एकटी आजी उरली आहे. आमचे दप्तर ते हेच!

कोणी म्हणेल, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा कॅसेट संगणकावर उतरवून घ्या आणि मोकळे व्हा. उतरवून तर घ्यावीच. पण उतरवण्यासाठीसुद्धा चालता व्ही.सी.आर. लागतोच. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने आमची कॅसेट नुसती पाहून परत केली. आत पांढरी बुरशी होती. अशी फीत यंत्रात घातली की बुरशी हेडला लागते आणि तेथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला. त्याचे म्हणणे रास्तच होते. मग घरीच शिकण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

शिकल्यावर कळले की या कामाला पैशापेक्षा धीर जास्त लागतो. यंत्राच्या आत एक तिरपा, चकचकीत ड्रम असतो. आपल्याकडच्या पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्या कडेला बसवलेली हेडे केसाहून कितीतरी बारीक फटीने चित्र वाचतात. त्या फटीत धूळ बसली की पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात आणि आपण म्हणतो, व्ही.सी.आर. मेला! तो मेलेला नसतो, मळलेला असतो. आधी पिन काढावी. पिन काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या भागात वीज साठलेली असते, म्हणून तिकडे हात नेऊ नये. तंतू न सुटणारे मऊ कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलसर करून ड्रमला हलके टेकवावे आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवावा. कापड खाली-वर कधीही घासू नये. हेड ठिसूळ असते, तुटले की संपले. कानातल्या कापसाच्या काड्या इतर खुंट्यांना चालतील, हेडला नकोत; कापसाचा तंतू तिथे अडकतो. आवाज दबका येत असेल तर बाजूचे आवाजाचे हेड पुसावे. यंत्र फीत खात असेल तर रबरी चाक पाहावे, तेच गुळगुळीत झालेले असते. पहिल्या खेपेला घरची कॅसेट न घालता, गेली तरी चालेल अशी एखादी घालून पाहावी.

बुरशीच्या कॅसेटचे काम याहून किचकट. ती कोरड्या जागी वाळवायची, नाकाला रुमाल बांधून घराबाहेर बसायचे, पाच स्क्रू काढून रिळे हाताने फिरवत सगळी फीत कोरड्या मऊ कापडातून काढायची. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे अडीचशे मीटर फीत असते. माझे दोन रविवार गेले. आजी शेजारी बसून होती.

आपण कला शाखेचे विद्यार्थी स्क्रू-ड्रायव्हर म्हटला की आय.टी.आय.कडे बोट दाखवतो. लोकसाहित्याच्या पेपरात हळदीच्या गाण्यांवर दहा गुणांची टीप लिहितो आणि तीच गाणी माळ्यावर बुरशी खात पडलेली असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा व शिका’चे गोडवे गाणाऱ्या महाराष्ट्रात हात आणि डोके यांची ही फारकत शोभत नाही.

म्हणून प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. आपल्या महाविद्यालयात एक व्ही.सी.आर. चालता ठेवावा. मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून मुलांना तो साफ करायला शिकवावे आणि मुलांनी आपापल्या गावच्या कॅसेटी आणून त्या उतरवून घ्याव्यात. ज्यात जुनी माणसे बोलतात, गातात, भांडतात, अशी प्रत्येक कॅसेट हे साधनच आहे. फितीवरचा थर दरवर्षी थोडा थोडा झिजतो आहे. तो आपल्या परीक्षा संपण्याची वाट पाहणार नाही. यंदा माळा झाडताना ती काळी पेटी हाती लागली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एवढेच विचारा, “यातल्या कॅसेटमध्ये कोण कोण आहे?”