मुरुमी रस्ते : दुरुस्तीचा हंगाम

पावसाळा सरत आला की तालुक्यातालुक्यांतून मुरुमी रस्त्यांविषयीचे अर्ज दप्तरांत येऊ लागतात, आणि सालाबादप्रमाणे त्यांवर जो इलाज होतो तो म्हणजे, मंजुरीचा कागद फिरत फिरत फाल्गुनात हाती आल्यावर खड्ड्याखड्ड्यांतून कोरडा मुरूम ओतणे. हा मुरूम टिकत नाही, याचा दोष खाणीला वा मुकादमाला देण्यापूर्वी आपण अभियंत्यांनी रस्त्याच्या आकाराकडे आणि आपल्या कामाच्या वेळेकडे पाहावे, असे आम्हांस आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

डांबरी रस्त्यास दोन-अडीच टक्के आडवा उतार पुरतो. मुरुमी रस्त्यास तो चार ते पाच टक्के लागतो, म्हणजे सहा मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा 12 ते 15 सेंटिमीटर उंच हवा. हा उंचवटा रहदारीने झिजला आणि सुटा मुरूम कडेला साचून त्याचा बांध झाला, की पाणी रस्त्यावरच थांबते. चाक त्या पाण्याला दाबते, पाणी बारीक माती उचलून बाहेर नेते, आणि खड्डा खोल होतो. अशा खड्ड्यात मुरूम भरणे म्हणजे पाण्याचा मुक्काम तेथेच ठेवून केवळ जमाखर्च मिटविणे होय.

पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्यांचे कारण निराळे. 2007 साली टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन यांनी वाळूच्या फिरत्या थरावर चाक चालवून असे दाखविले की, स्प्रिंग नसलेले चाकदेखील एका ठराविक वेगापुढे वळ्या उठवितेच; अर्थात वाहनांच्या बांधणीला नावे ठेवण्यात हशील नाही. वेगावर आपला अंमल चालत नाही, पण बंधावर चालतो. ज्या मुरुमात चिकण अंश नाही तो कोरडा पडताच सुटा होतो, आणि ज्यात तो फाजील आहे तो श्रावणात घसरडा होऊन चाकोऱ्यांनी चिरला जातो. म्हणून खाण ठरविताना चाळणीइतकेच महत्त्व प्लॅस्टिसिटीच्या चाचणीस द्यावे. वळ्यांची माथी खरडून खळगे भरणे, हे आपल्याकडे सर्रास चालणारे काम, सर्वस्वी व्यर्थ आहे, कारण खळग्यांचा टणक तळ तसाच राहतो आणि वळ्या त्याच जागी परततात. ग्रेडरचे पाते खळग्याच्या तळाखालपर्यंत घालून थर उकरावा, ओलावून कालवावा, उतार देऊन पसरावा व रोलरने दाबावा. आणि हे सारे सावकाश, कारण घाईने चालविलेले पाते स्वतःच उसळून नव्या वळ्या पाडते.

यातला ओलावा हाच कळीचा मुद्दा. भाद्रपद-आश्विनात जमीन तो फुकट देते, चैत्रात तोच टँकरने विकत आणावा लागतो, आणि बहुधा आणलाच जात नाही. तेव्हा देखभालीची तरतूद आर्थिक वर्षाच्या अखेरीस न सोडता पावसाच्या अखेरीस खर्ची घालता येईल, असा बंदोबस्त जिल्हा परिषदांनी करावा.

काळ्या जमिनीतून गेलेल्या रस्त्याचा पायाच खचला असेल, तर वरची कोणतीही दुरुस्ती निरर्थक. तेथे भराव उंचावून बाजूचे चर भरावाच्या तळाहून खोल खणले पाहिजेत. हे चर बुजतात ते बहुधा शेतात गाडी नेण्याच्या सोयीसाठी, आणि ती गरज खरी असल्यामुळे नोटिसांनी भागत नाही. चर साफ करण्याच्या अंदाजपत्रकातच अशा प्रत्येक वाटेखाली एकेक नळ धरावा.