अण्णांची ट्रंक

आमच्या बेळगावच्या घरातली अण्णांची ट्रंक नौदलाच्या इतिहासाचं काम करणाऱ्यांकडे द्यावी की नाही, यावरून दिवाळीत घरात चांगलंच वाजलं. माझं मत इथे मांडतो.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. युद्धकाळात रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले. १९४६ साली ते कुलाब्याला 'तलवार'वर होते. तलवार म्हणजे जहाज नव्हे, किनाऱ्यावरची संदेशवहनाची शाळा. १८ फेब्रुवारीला तिथल्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविरुद्ध संप पुकारला. तो कराचीपर्यंत पसरला. सुमारे ७८ जहाजं आणि २० हजार खलाशी त्यात होते. २३ तारखेला संप मागे घेतला गेला. थोड्याच दिवसांत अण्णा घरी आले, हातात ही ट्रंक.

घरात पुढे एवढंच बोललं जायचं, तेही हळू आवाजात : "अण्णांना नेव्हीतनं काढलं."

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिक पेन्शन सुरू झाली. त्यात नाविक बंडवालेही बसत होते, पण पुरावा हवा. अण्णांना कागद सापडला नाही आणि ते तसेच गेले. पुढे ट्रंकेच्या तळाला चिकटलेल्या वर्तमानपत्राखाली बडतर्फीचा कागद निघाला. सोबत पणजोबांचं एक मोडीतलं पत्र. जाणकाराकडून वाचून घेतलं. त्यात होतं, जेवण रुचत नाही म्हणून सरकारी नोकरीवर पाय देऊ नकोस, घरी सहा तोंडं आहेत. ते वाचून काकू रडल्या. अण्णांनी ते पत्र का जपलं असेल, हे आम्हाला आता कळतंय.

काकूंचं म्हणणं, "घरची अब्रू बाहेर कशाला?" मला त्यांचं दुःख कळतं, पण पटत नाही. या बंडाची चौकशी न्यायमूर्ती फजल अलींच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने केली. त्याचे कागद आहेत. अधिकाऱ्यांचे अहवाल, हुकूम, तारा आहेत. पण पोरगा संपात उतरला तेव्हा त्याच्या बापाच्या पोटात काय कालवलं, हे कुठल्या सरकारी फाइलीत असणार? ते आपल्याच माळ्यावर आहे. आपण दिलं नाही तर इतिहास साहेबाच्याच बाजूने लिहिला जाईल.

ट्रंकेत एक फोटोही आहे. स्टुडिओत चार खलाशी. टोपीच्या पट्टीवर नुसतं 'एच.एम.आय.एस.' युद्धात गुपित राहावं म्हणून जहाजाचं नाव पट्टीवर घालत नसत. मागे नावं नाहीत. अण्णा ओळखू येतात. बाकी तिघं कोण? कुणाचे तरी आजोबाच ना! अण्णा होते तेव्हा एकदा विचारलं असतं तर!

म्हणून सांगतो, सरसकट सगळं देऊन टाकू नका. आधी स्कॅन करा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको, कागद त्यानेच मरतो. मूळ कागद द्यायचा तर पोच घ्या आणि घरच्यांना कधी पाहता येईल ते लिहून घ्या. मुंबईत व्हाइस ॲडमिरल मनोहर अवटी यांनी १९७८ साली सुरू केलेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, तिथेही विचारता येईल.

आमच्या घरात शेवटी तोड निघाली. बडतर्फीचा कागद आणि फोटो द्यायचा, मोडी पत्राची नक्कल द्यायची, मूळ पत्र काकूंकडे. नक्कल करून आणली तेव्हा काकूच म्हणाल्या, "खाली अण्णांचं पूर्ण नाव लिही रे. नुसतं अण्णा लिहून कुणाला कळणार?"

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, पणजी, कुठेही असा. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. रद्दीवाला यायच्या आधी उघडा. आणि घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल, तर फोटो घेऊन आजच त्यांच्याजवळ बसा.