'घरच्यासारखी' मावशी आणि तिचा पगार

एडिनबरात केअररचं काम करणाऱ्या आपल्या बहिणींसाठी आणि भावांसाठी हे लिहितोय. पण हॉटेलात, गोदामात, साफसफाईला असाल तरी वाचा. म्हातारे आईवडील सगळ्यांचेच गावाकडे आहेत, आणि त्यांच्याजवळ कुणीतरी पगारी माणूस बसलेलं आहे किंवा आज ना उद्या बसवावं लागणार आहे.

आधी इथलं बघू. स्कॉटलंडमध्ये १ जुलै २००२ पासून ६५ वर्षांवरच्या माणसाला अंघोळ, कपडे, भरवणं, संडासला नेणं ही घरपोच सेवा गरज तपासून फुकट मिळते. १ एप्रिल २०१९ पासून वयाची अट काढून सगळ्याच प्रौढांना ती दिली. इंग्लंडात अजून असं नाही. चांगली गोष्ट आहे, आपण तिला नावं ठेवत नाही. पण फुकट आहे ती म्हाताऱ्या माणसाला. कौन्सिल कंपनीला कंत्राट देते, कंपनी रोटा लावते आणि रोटावर तुमचं नाव असतं. सकाळी लीथला अंघोळ, मग बस पकडून गॉर्गीला गोळ्या, मग मॉर्निंगसाइडला लिफ्ट नसलेल्या दगडी इमारतीचे तीन मजले चढून नाश्ता. कंपनीच्या माहितीपत्रकावर 'तुमच्या गरजेनुसार काळजी आणि सोबत' असं छापलेलं असतं. रोटावर अर्धा तास असतो, कधी पंधरा मिनिटं. आजीला गप्पा मारायच्या असतात आणि तुमचा एक डोळा फोनवरच्या पुढच्या भेटीकडे असतो. सोबतीला रोटात रकानाच नाही.

या कामातले तुमचे हक्क पुन्हा एकदा. एका पेशंटच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाण्याचा वेळ हा किमान वेतनासाठी कामाचाच वेळ धरला जातो (स्वतःच्या घरून पहिल्या भेटीला जाण्याचा नाही). कौन्सिलच्या पैशावर चालणाऱ्या सेवांमध्ये प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्याला स्कॉटलंड सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ताशी किमान १२.६० पौंड ठरवले होते. वर्षाला ५.६ आठवडे भरपगारी रजा. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. पगाराची स्लिप हा तुमचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नव्हे. तासांचा हिशोब स्वतःच्या वहीत ठेवा, बसच्या तिकिटांसकट. भांडायची वेळ आली की ती वहीच कामाला येते. आणि हो, २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर आणण्याचा व्हिसा बंद झालाय. तुमच्या तालुक्यात अजून कुणी एजंट 'केअर व्हिसा' विकत असेल तर भाऊबंदांना सांगा, तो पैसे खाणार आहे.

आता मूळ मुद्दा. आई इथे येऊ शकत नाही. केअररच्या व्हिसावर आईवडिलांना आणायची सोय कधीच नव्हती, ११ मार्च २०२४ पासून नवीन येणाऱ्यांना नवरा-बायको-मुलंही आणता येत नाहीत. जे इथे कायमचे झालेत त्यांच्यासाठी २०१२ साली नियम इतके कडक केले, की गावाकडे पैसे देऊनही काळजी घेणारं माणूस मिळत नाही हे सिद्ध करावं लागतं. ते कोण सिद्ध करणार? माणूस तर मिळतं. ब्यूरोला फोन केला की दुसऱ्या दिवशी बाई हजर.

म्हणून आपण मॉर्निंगसाइडच्या आजीचे पाय पुसतो आणि सांगलीला, साताऱ्याला, चिपळूणला आपल्या आईचे पाय दुसरी बाई पुसते. तिला आपण मावशी म्हणतो. बारा तासांची मावशी, नाहीतर 'चोवीस तासांची बाई'. हा शब्द एकदा हळू वाचून बघा. चोवीस तासांची बाई! तुम्हाला कंपनीने चोवीस तासांची ड्युटी लावली तर तुम्ही काय कराल? युनियनला फोन कराल, आणि करायलाच हवा.

मावशीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: 'ती आमच्या घरच्यासारखीच आहे.' घरच्यासारखी आहे म्हणून आठवड्याची सुट्टी ठरलेली नाही. घरच्यासारखी आहे म्हणून आईचं झाल्यावर सगळ्यांच्या पोळ्या लाटते. घरच्यासारखी आहे म्हणून पगार दहा तारखेला दिला तरी चालतो.

हे वाक्य फक्त आपलं नाही बरं का. ब्रिटनमध्ये १९९९ साली किमान वेतन लागू झालं तेव्हा नियमात हीच पळवाट ठेवली होती. मालकाच्या घरात राहणारी, कुटुंबातल्यासारखी वागवली जाणारी कामगार असेल तर तिला किमान वेतन द्यायला नको. या सुटीचा फायदा घेऊन बायकांना महिनोन्महिने नाममात्र पैशांत राबवलं गेलं. शेवटी एका घरकामगार बाईने दावा लावला, आणि २०२० मध्ये ट्रायब्युनलने म्हटलं की ही सूट बायकांवर अन्याय करते, कारण असल्या कामात बहुतेक बायकाच असतात. लो पे कमिशननेही ती काढून टाका असं सुचवलं, आणि १ एप्रिल २०२४ ला ती गेली. तब्बल २५ वर्षं लागली. या देशाने जी सबब कायद्यातून पुसून टाकली, ती आपण व्हिडिओ कॉलवर रोज वापरतो.

आपल्याकडे महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण तो कल्याणाचा, नोंदणीचा. तास आणि सुट्टी घराघरांत मालकीणच ठरवते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला. त्याला भारताने मंजुरी दिलेली नाही, ब्रिटननेही नाही. म्हणजे कायद्याची वाट बघत बसलो तर मावशी म्हातारी होईल.

रात्रीचं बोलायला हवं. इथल्या सुप्रीम कोर्टाने मार्च २०२१ मध्ये निकाल दिला की कामाच्या जागी झोपायला थांबलेल्या केअररचे झोपेचे तास किमान वेतनात धरायचे नाहीत, जागं राहून काम केलं तेवढेच धरायचे. आपल्यातल्या कितीतरी जणांना तो निकाल पटला नाही, मलाही पटलेला नाही. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खोकल्याकडे कान लावून घेतलेली झोप ही आपली झोप नसते. मग आईच्या पलंगाखाली चटई टाकून पडलेली मावशी रात्री तीनदा उठते, ते तास कुठे मांडलेत आपण?

'आमच्या हातात तरी कुठे उरतं?' हे खरं आहे. एजंटचं कर्ज, इथलं भाडं, स्पॉन्सरने लायसन्स गमावलं तर होम ऑफिसच्या पत्रानंतर नवीन नोकरी शोधायला ६० दिवस, ही टांगती तलवार. इथल्या पगाराशी बरोबरी करा असं कुणी म्हणत नाही. पण सुट्टीला पौंड लागत नाहीत. आठवड्याचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी आईजवळ कोण असेल तेही आधीच ठरवा. भाऊ, वहिनी, शेजारचा मुलगा, कुणीही. नाहीतर सुट्टी कागदावरच राहते. बदली माणूस न देता सुट्टी 'मंजूर' करणारे इथले मॅनेजर आपण पाहिलेत.

भाऊ किंवा वहिनी म्हणतील, तू तिकडून बाईला डोक्यावर चढवू नकोस. त्यांचंही ऐका, रोजचं ओझं त्यांच्यावर आहे. पण त्यांना तुमचाच रोटा दाखवा. गप्पा मारणं, पेपर वाचून दाखवणं, देवळापर्यंत हात धरून नेणं यासाठी बाईला वेळ उरावा असं वाटत असेल, तर धुणी आणि पोळ्या तिच्या अंगावरून काढाव्या लागतील. आईला सोबत हवी असते, आणि दमलेलं माणूस सोबत देऊ शकत नाही. हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

ब्यूरोला विचारा, आम्ही देतो त्यातले मावशीच्या हातात किती पडतात. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर समजून घ्या, इकडे तुमच्या एजंटनेही तीच टाळाटाळ केली होती. जमत असेल तर पगार थेट तिच्या खात्यावर टाका, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. तिचं ई-श्रम कार्ड निघालंय का बघा; वय ५९ च्या आत असेल तर आधार आणि मोबाइलवर नोंदणी होते. आईलाच त्रास होतोय, कुणी हेळसांड करतंय असं वाटलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथे घरच्यांनी फोन करावा. मावशीवर संशय घेऊन कॅमेरा बसवण्याआधी तिला विचारावं. तुमच्या पेशंटच्या मुलाने न सांगता कॅमेरा लावला होता तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

आणि एक साधी चिठ्ठी करा, मराठीत, वहीच्या कागदावर. कामाला किती वाजता यायचं, किती वाजता सुटायचं, कोणती कामं आईची आणि कोणती तिची नाहीत, सुट्टीचा वार, रात्री उठावं लागलं तर वेगळे किती, पगाराची तारीख. खाली तिची सही, घरच्या कुणाची तरी सही. फोटो काढून तिच्याही फोनवर पाठवा. रविवारी इथे दुपार असते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, फोन तेव्हाच लागतो. आईशी बोलून झालं की फोन मावशीकडे द्यायला सांगा आणि सुट्टीचा वार कोणता हवा ते तिलाच विचारा.