काळ्या पडद्याची कैफियत

होम थिएटरची जुळणी करताना ज्या नाना अडचणी उद्भवतात, त्यांत सर्वांत चमत्कारिक अडचण ही की, आवाज यथास्थित येतो आणि चित्र मात्र येत नाही. प्लेयरमध्ये तबकडी फिरत असते, रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर ध्वनीच्या प्रकाराचे नाव झळकत असते, चहूबाजूंच्या स्पीकरांतून पात्रांचे संवाद स्वच्छ ऐकू येत असतात, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो भिंतीवरचा विस्तीर्ण पडदा काळाठिक्कर; फार तर त्याच्या मध्यभागी ‘नो सिग्नल’ एवढे दोनच शब्द. मग घरातील प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे निदान करू लागतो, केबली हलविल्या जातात, रिमोटवरील सर्व कळा एकामागून एक दाबल्या जातात, आणि अखेरीस केबल खराब आहे या निष्कर्षावर एकमत होऊन तपकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून नवी, अधिक जाड व अधिक महाग केबल आणली जाते. पुष्कळदा तीही निष्फळ ठरते. कारण या दोषाचे मूळ बहुतेक वेळा तांब्याच्या तारेत नसून या यंत्रांच्या आपसांतील गुप्त पत्रव्यवहारात असते. आणि तो कोठे फिसकटला हे यंत्राला पुरते ठाऊक असूनही ते मालकाला कळविले जात नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

पूर्वीच्या काळी असे नव्हते. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी ध्वनीची, असा रोकडा हिशेब होता, आणि चित्र न येण्याची कारणेही तितकीच उघडी असत. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचे प्रक्षेपण सक्तीने डिजिटल झाले, घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले, आणि त्यांतील साध्या डब्यांना त्याच तीन रंगी पिना होत्या. अशा डब्याची पिवळी पिन एखाद्याने रिसीव्हरला लावावी आणि रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंत मात्र एचडीएमआय केबल टाकावी, की हटकून आवाज येई व चित्र येत नसे. कारण त्या पिढीतील बरेच रिसीव्हर जुन्या पद्धतीचे चित्र नव्या पद्धतीत उतरवून देत नसत, ज्या वाटेने ते आले त्याच वाटेने बाहेर सोडीत. इलाजही तसाच सोपा होता: रिसीव्हरच्या मॉनिटर आउट खोबणीतून टीव्हीकडे आणखी एक पिवळी तार न्यावी आणि टीव्हीवर तो मार्ग निवडावा. दोष डोळ्यांना दिसत होता, आणि ज्याला डोळे होते त्याला दुरुस्तीही करता येत होती.

ही सरळ व्यवस्था एचडीएमआयच्या आगमनानंतर हळूहळू मोडीत निघाली. २००२ च्या डिसेंबरात हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी तिची पहिली आवृत्ती जाहीर केली, आणि चित्र, ध्वनी व यंत्रांचे परस्पर संभाषण ही तिन्ही कामे १९ पिनांच्या एकाच खोबणीतून चालू लागली. सोय झाली हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. दिवाणखान्यातील तारांचे जंजाळ तिने खरोखरच आवरले. परंतु चित्र पाठविण्यापूर्वी आता बराच कारभार उरकावा लागतो. केबल जोडताच प्लेयर तिच्या एका तारेवर ५ व्होल्टचा दाब ठेवतो. पलीकडचे यंत्र दुसऱ्या तारेवरून आपण हजर असल्याची वर्दी देते. मग प्लेयर त्याचे ओळखपत्र वाचतो, ज्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असून पडदा कोणत्या मापाचे, किती गतीचे व कोणत्या रंगपद्धतीचे चित्र स्वीकारील याचा तपशील त्यात नोंदलेला असतो. आणि चित्रपट संरक्षित असेल तर त्यानंतर एचडीसीपी नावाची रुजुवात सुरू होते, जिच्यात समोरचे यंत्र अधिकृत परवानाधारक आहे की नाही याची गुप्त चाव्यांच्या साह्याने खातरजमा केली जाते.

रिसीव्हर मध्ये आला की या साऱ्याला तालुक्याच्या कचेरीची कळा येते. त्याला टीव्हीचे ओळखपत्र मागवून, त्यात स्वतःच्या ध्वनिविषयक पात्रतेची भर घालून, ते वर प्लेयरकडे सादर करावे लागते; शिवाय आपल्या हाताखाली कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत त्यांची यादीही रवाना करावी लागते. एचडीसीपीच्या पहिल्या पिढीत या यादीला ५ सेकंदांची मुदत असे, आणि ती टळली तर प्रकरण नामंजूर. मंजुरी मिळाल्यावरही दर १२८ चित्रचौकटींमागे, म्हणजे साधारणतः दर २ सेकंदांनी, दोन्ही बाजूंच्या चाव्या अजून जुळतात की नाही याची फेरतपासणी होत असे. टीव्ही उशिरा जागा झाला, रिसीव्हरने त्याचे जुनेच ओळखपत्र पुढे रेटले, किंवा वर्दीची तार क्षणभर सैल झाली, एवढ्यानेही चित्राचा अर्ज निकालात निघतो. आणि म्हणून आधी टीव्ही, मग रिसीव्हर व शेवटी प्लेयर या क्रमाने यंत्रे सुरू करण्याचा जो तोडगा जाणकार सांगतात तो वरकरणी अंधश्रद्धेसारखा वाटला तरी त्याला सबळ आधार आहे.

मग आवाज का येतो, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारील. एचडीएमआयमध्ये ध्वनी वेगळ्या तारेने येत नाही. चित्राच्या दोन ओळींमधील आणि दोन चौकटींमधील जी रिकामी जागा असते तिच्यात तो बसवून पाठविलेला असतो. म्हणजे आवाज ऐकू आला याचा अर्थ प्लेयरपासून रिसीव्हरपर्यंत चित्राचा प्रवाहही सुखरूप पोहोचला आहे. ध्वनी रिसीव्हरने स्वतःच्या वापरासाठी काढून घेतला, आणि चित्र पुढे टीव्हीकडे जाताना कोठेतरी अडले किंवा अडविले गेले. एवढा एक निष्कर्ष हाताशी आला तरी निम्मा तपास संपतो, आणि बहुतेक मालक नेमका प्लेयरकडची केबल बदलण्यात वेळ दवडतात.

या अडवणुकीमागील हेतू चित्रपटांची चोरी थांबविण्याचा होता. तो सिद्धीस कितपत गेला हे पाहावे तर, इंटेल कंपनीने निर्माण केलेल्या एचडीसीपी पद्धतीची मूळ चावी सप्टेंबर २०१० मध्ये जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचे इंटेललाच मान्य करावे लागले. त्यानंतर एचडीसीपीची २.२ ही नवी आवृत्ती आली. आणि २०१३-१४ च्या सुमारास ज्यांनी डब्यावरील फोर-के हा शिक्का पाहून रिसीव्हर विकत घेतले, त्यांच्यापैकी अनेकांना पुढे असे आढळले की, आपल्या यंत्रातून फोर-के चित्र जाऊ शकते, पण नव्या आवृत्तीची परवानगी त्याच्यापाशी नसल्यामुळे संरक्षित फोर-के चित्रपट मात्र जात नाहीत. पिवळ्या पिनेची व तिच्या भावंडांची जुनी वाटही अशीच बंद करण्यात आली. ब्लू-रेच्या संरक्षण-करारानुसार २०१३ नंतर तयार होणाऱ्या प्लेयरमधून अॅनालॉग चित्र बाहेर देण्यास मनाई झाली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ६५-अ हे कलम घालून अशा तांत्रिक कुलपांना कायद्याचे पाठबळ देण्यात आले. चोरी करणारा कुलूप फोडलेली प्रत कोठूनही मिळवितो आणि निर्वेधपणे पाहतो. ज्याने रोख पैसे मोजून तबकडी घेतली, त्याच्याच पडद्याची पदोपदी झडती घेतली जाते. प्रामाणिक गिऱ्हाइकावर टाकलेला हा भुर्दंड मला अन्याय्य वाटतो.

परवानगीखेरीज निव्वळ हलगर्जीचीही उदाहरणे आहेत. २०२० च्या अखेरीस यामाहा, डेनॉन व मॅरांट्झ या नामवंत कंपन्यांच्या नव्या रिसीव्हरांतून एक्सबॉक्स सिरीज एक्सचे फोर-के, १२० हर्ट्झ चित्र जाईना, पडदा काळा. दोष आतील एचडीएमआय चिपचा निघाला, आणि कंपन्यांना तो कबूल करून कोणी स्वतंत्र जोडयंत्र फुकट देण्याची, तर कोणी आतील बोर्ड बदलून देण्याची तजवीज करावी लागली. मात्र दोषाची वाच्यता होईपर्यंत कित्येकांनी घरी बसून केबलीच बदलल्या असतील.

तेव्हा तपास कसा करावा हे थोडे जवळून पाहू. प्रथम रिसीव्हरच्या रिमोटवरील सेटअपची कळ दाबावी. रिसीव्हरचा स्वतःचा मेनू टीव्हीवर उमटला, तर रिसीव्हर ते टीव्ही ही वाट शाबूत आहे असे समजावे आणि हरकत चित्राच्या प्रकाराला किंवा परवानगीला आहे असे धरून चालावे. मेनूही उमटत नसेल तर दोष पुढच्या केबलमध्ये, टीव्हीवर निवडलेल्या मार्गात, किंवा रिसीव्हरच्या पाठीमागे. तेथे पुष्कळदा दोन-दोन एचडीएमआय आउट खोबण्या असतात व त्यांपैकी एक दुसऱ्या खोलीसाठी राखलेली असते. भिंतीतून नेलेली लांब केबल प्रकाशतंतूची असेल तर तिच्या टोकांवरील बारीक अक्षरे वाचावीत. तिचे एक टोक सोर्सचे व दुसरे डिस्प्लेचे असते, आणि रंगाऱ्याने भिंत बुजवून रंग देऊन झाल्यावर ती उलटी बसल्याचे ध्यानात येणे याइतका मनस्ताप नाही. पडदा पूर्ण काळा न पडता त्यावर पांढरे ठिपके चमकत असतील, तर मात्र केबलचाच संशय घ्यावा, कारण तो भार न पेलल्याचा पुरावा आहे. फोर-के चित्र ६० हर्ट्झ गतीने नेण्यासाठी सेकंदाला १८ गिगाबिटांची वाट लागते, आणि पाच-सात मीटरांपलीकडे साध्या तांब्याच्या केबलची तेथे खात्री देता येत नाही. चित्र गुलाबी किंवा हिरवट दिसले तर रंगपद्धतीचा घोळ. प्लेयर १०८० वर आणताच चित्र आले, तर टीव्हीच्या व रिसीव्हरच्या मेनूत त्या-त्या खोबणीसाठी एन्हान्स्ड नावाची निवड करावी लागते, जी अनेक यंत्रांत मुळात बंदच असते. आणि याने काहीच न साधले, तर रिसीव्हरला बाजूला ठेवून प्लेयर थेट टीव्हीला जोडून पाहावा.

हे सारे लिहिताना मला सारखे वाटत होते की, यातील एकही गोष्ट मालकाने अंदाजाने शोधण्याची गरज नव्हती. वर्दी आली की नाही, ओळखपत्र वाचले गेले की नाही, रुजुवात कोणत्या पायरीवर थांबली, याची नोंद यंत्रात क्षणोक्षणी होत असते. काही रिसीव्हरांच्या मेनूत आलेल्या व गेलेल्या चित्राचा तपशील दाखविणारे पानही असते, पण ते पान पाहायला पडद्यावर चित्र यावे लागते! माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने शासकीय कचेरीवरसुद्धा आपल्या निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळविण्याचे बंधन घातले आहे. खासगी यंत्राला तो कायदा लागू नाही हे मला कळते. तरीपण रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर, जेथे ध्वनिप्रकारांची नावे हौसेने मिरविली जातात, तेथेच ‘टीव्हीला एचडीसीपी २.२ नाही’ किंवा ‘केबल भार पेलत नाही’ असा एक शेरा उमटविण्यास कोणती अडचण आहे? सामान्य माणूस अशा शेऱ्याने गोंधळेल, असा आक्षेप ऐकू येतो. तो काळ्या पडद्यापुढे बसून काही कमी गोंधळलेला नसतो, आणि निदान दुरुस्ती करणाऱ्याला फोनवर वाचून दाखवायला त्याच्या हाती एक वाक्य तरी राहील. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे. दोषाचे कारण कळणे ही दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून त्याच्या कक्षेत यायला हवी. डब्यावरील आवृत्तीच्या आकड्यांचीही झाडाझडती घ्यावी, कारण नियमांतच अशी मुभा आहे की, एचडीएमआयच्या २.१ या आवृत्तीची बहुतेक वैशिष्ट्ये ऐच्छिक धरली जातात, आणि त्यांतील मोजकीच असलेले यंत्रही तोच आकडा मिरवू शकते.

तोपर्यंत ज्याचा रिसीव्हर चित्राला आडवा येतो, त्याने नव्या रिसीव्हरच्या खरेदीआधी चित्राचा मार्गच त्याच्यापासून वेगळा करून पाहावा. प्लेयर टीव्हीला जोडावा आणि ध्वनी एआरसीच्या खोबणीतून रिसीव्हरकडे परत आणावा. २००९ पासून ही सोय उपलब्ध असून, त्या वाटेने साधा पाच-स्पीकरी ध्वनी ठीक येतो, मात्र तबकडीवरील मूळ, अक्षत ध्वनीसाठी ईएआरसी लागते, जी जुन्या रिसीव्हरांत नसते. अशा रसिकांसाठी दोन एचडीएमआय आउट असलेले ब्लू-रे प्लेयर मिळतात, ज्यांतील एका खोबणीतून चित्र थेट टीव्हीकडे जाते व दुसरीतून केवळ ध्वनी रिसीव्हरकडे. ती दुसरी खोबण उत्पादकांनी उगाच दिलेली नाही. नव्या चित्राला जुना रिसीव्हर वाट देत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि गिऱ्हाइकाला ते सांगायला वर म्हटलेला एक शेरा त्या खोबणीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडला असता.