घटाचा गंध आणि प्लगमधली कुपी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरावी, तीत धान्य पेरावे, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवावा, शेजारी अखंड दीप लावावा आणि दररोज वर एक माळ चढवावी, ही आपल्याकडील रीत. घटातून झिरपणाऱ्या पाण्याने माती ओली राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धान्य रुजून वर येते. त्या सुमारास देवघरात जो वास दरवळू लागतो, त्याला बाजारात नाव नाही. ओली माती, पिवळसर कोवळे अंकुर, तिळाच्या तेलात जळणारी वात आणि पहिल्या दिवशीची सुकत चाललेली झेंडूची माळ, या साऱ्यांचा मिळून तो बनतो. तो आला की घट रुजला असे जुन्या बायका न पाहता सांगत.

अलीकडे शहरांतील अनेक घरांत या वासाशेजारी एक नवा पाहुणा येऊन राहिला आहे. विजेच्या प्लगमध्ये खोचून ठेवायची सुगंधी तेलाची ही लहानशी कुपी. आतील वातीवाटे तेल वर चढते, विजेने तापणारा छोटासा भाग ते ऊन करतो आणि त्याची वाफ खोलीभर पसरते. वेष्टनावर चंदन, मोगरा, गुलाब अशी आपल्या ओळखीची नावे असतात. बटण दाबले की घर चोवीस तास सुगंधी.

या कुपीवर दात-ओठ खाण्याचे मला कारण दिसत नाही. दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड, वाऱ्याने अखंड दीप विझू नये म्हणून नऊ दिवस लावून घेतलेल्या खिडक्या, स्वयंपाकघरातील तळणाचा वास, त्यातच संध्याकाळी ओटी भरावयास येणाऱ्या सुवासिनी. अशा वेळी गृहिणीला घर प्रसन्न वाटावेसे वाटले, तर त्यात तिचे काय चुकले? माझा प्रश्न निराळा आहे. ही कुपी आपल्याला नेमके काय देते आणि त्याच्या बदल्यात काय घेऊन जाते?

तो प्रश्न मला सुचला आमच्या नात्यातील एका घरी. गेल्या नवरात्रात चौथ्या माळेला मी दर्शनास गेलो होतो. घरातील थोरल्या वहिनींची दृष्टी आता फार अधू झाली आहे, शिवाय दम्याचा विकार आहे. मी बसल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "भाऊजी, यंदा घट रुजला की नाही, मला कळतच नाही. वासच येत नाही हो."

घट तर उत्तम रुजला होता; बोटभर हिरवे वर आले होते. परंतु देवघराच्या दाराशीच प्लगमध्ये ती कुपी होती. सूनबाई ओशाळून म्हणाली, "काका, धुराचा आईंना त्रास होतो. म्हणून धूप बंद करून हे लावलं." तिचा हेतू निर्मळ होता. पण ज्या वृद्धेला डोळ्यांनी दर्शन होत नाही, तिचे नाकाने होणारे दर्शनही त्या सद्हेतूच्या आड गेले होते.

पूजेतील पंचोपचार म्हणजे गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य. यांतील पहिले तीन सुवासाशी बांधलेले आहेत, आणि तिन्हींना हात लागतात. चंदनाचे खोड सहाणेवर उगाळावे लागते, फुले वेचून आणावी लागतात, निखाऱ्यावर ऊद घालावा लागतो. देवाला वाहावयाचे फूल आधी हुंगू नये, असे मुलांना बजावणारी घरे आजही आहेत. सुवास आधी देवाचा, मग आपला, हा त्यामागील भाव. कुपीचा सुवास मात्र कोणी कोणाला अर्पण करीत नाही. घरात कोणी नसतानाही तो चालूच असतो.

नाकाचा स्वभावही येथे ध्यानात घेतला पाहिजे. एकच वास सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे सोडते. म्हणून कुपी लावणाऱ्याला ती जाणवेनाशी होते, तो बटण वाढवतो आणि पाहुण्याचे डोके दुखते. मूळची दुर्गंधी तर बहुधा जागच्या जागीच असते. तिच्यावर नुसते पांघरूण पडते. दुर्गंधी हीदेखील घराची एक हाक आहे. भिंतीत मुरलेली ओल, जळू लागलेली वायर, नासलेले अन्न हे नाकच प्रथम सांगते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. ज्या घरात नऊ दिवस दिवा तेवत आहे, तेथे या पहारेकऱ्याला गुंगवून ठेवणे मला तरी पटत नाही.

शिवाय वेष्टनावर चंदन लिहिले, म्हणून आत चंदन असतेच असे नाही. घटकद्रव्यांची पूर्ण नावे बहुधा दिलेली नसतात. लिंबू-संत्र्याचा वास देणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी मिळाले की फॉर्मल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्ये तयार होतात, हे रसायनशास्त्राला ठाऊक आहे. बंद खोलीत, दमेकऱ्याच्या उशाशी, याचा विचार व्हायला हवा.

मात्र मग धुराची वकिली करावी, तर तीही प्रामाणिकपणाची ठरणार नाही. धूर तो धूरच. त्यातील सूक्ष्म कण फुप्फुसात जातात, मग तो निखाऱ्यावरच्या उदाचा असो की उदबत्तीचा. आजच्या कितीतरी उदबत्त्या म्हणजे कोळशाची पूड आणि जिगट थापलेली, कृत्रिम अत्तरात बुडवलेली बांबूची काडी. कापूरही बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. गुग्गुळाचे झाड तर अतोनात ओरबाडले गेल्याने नामशेष होण्याच्या वाटेवर आहे. तेव्हा 'आमचे सारे नैसर्गिक' हा तोरा आपण न मिरवलेला बरा.

पण आपल्या पूजापद्धतीने ही अडचण केव्हाच ओळखलेली आहे. जो उपचार घडणे शक्य नसेल, त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, अशी सोय पूजेतच आहे. दमेकरी असलेल्या घरी धूपाऐवजी चिमूटभर अक्षता वाहिल्या, तर पूजेत काहीही उणे राहत नाही. आणि गंध व पुष्प यांना धूर लागतच नाही.

सूनबाईला मी एवढेच सांगितले. मुलगी समंजस, तिने पुढचे स्वतःच ठरविले. कुपी काढून ठेवली. अखंड दीपावर काचेचे झाकण आले, त्यामुळे खिडकीची एक झडप उघडता आली. निर्माल्याची टोपली रोज सकाळी घराबाहेर जाऊ लागली. घटावरच्या माळा मात्र रीतीप्रमाणे तशाच राहिल्या. फडताळातली सहाण खाली उतरली आणि चंदन उगाळण्याचे काम वहिनींकडे आले; त्याला डोळे लागत नाहीत.

सातव्या माळेला मी पुन्हा गेलो. आरती व्हायची होती. वहिनी सहाण मांडीशी घेऊन बसल्या होत्या. सूनबाई माळ घेऊन आत आली, तशी मान वर करून त्यांनी विचारले, "आज शेवंतीची का गं?"