तापाचे नाव विचारा

पावसाळा सरत आला की भोपाळमध्ये घरोघरी ताप सुरू होतो. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, असा अहवाल आला की ‘व्हायरल असेल’ म्हणून आपण निश्चिंत होतो. हा निश्चिंतपणा जिवावर बेतू शकतो.

कारण आणखी एक शक्यता उरते, ती स्क्रब टायफसची. उंदीर-घुशींच्या अंगावर आणि झुडपी गवतात आढळणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवाची अळी चावली की त्याचे जिवाणू शरीरात शिरतात. माइट ही गोचिडीच्याच जातकुळीतली. गोचिडीमुळेही असाच ताप येतो. चावा जाणवत नाही. साधारण दहा दिवसांनी सणसणून ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काहींच्या काखेत, जांघेत वा कमरेशी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते; संकोच न करता ती डॉक्टरांना दाखवावी.

२०१८ साली नागपूर व विदर्भात या आजाराने बळी घेतले. १९५६ साली सरकारी कचेऱ्यांबरोबर नागपूरहून इकडे आलेल्या आपल्या कुटुंबांना ती बातमी परकी नव्हती.

औषध महाग नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो; गरोदर स्त्रियांना अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे मात्र येथे निरुपयोगी. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदूवर आघात होतो. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, संशय येताच, तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही, नगर निगमचाही आहे. धूरफवारणी डासांसाठी असते. गवत, कचरा आणि उंदीर यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. केरवा-कलियासोतच्या झाडीलगत वस्ती वाढत असताना तर अधिकच. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पार्षदाला तीन प्रश्न विचारा: मोकळ्या भूखंडांवरचे गवत कोण व केव्हा कापणार? ही तपासणी कोणत्या सरकारी दवाखान्यात होते व अहवाल किती दिवसांत मिळतो? वॉर्डातल्या दवाखान्यात हे औषध बारमाही असते काय?

रस्ते-नळाइतकाच हाही आपला हक्क आहे. आणि घरात पाच दिवस ताप हटला नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘स्क्रब टायफस तर नाही ना?’