खाकी अंगावर, हिशोब रोजावर!

नर्मदा जयंतीची संध्याकाळ. जबलपूरच्या ग्वारीघाटावर पाय ठेवायला जागा नसते. द्रोणातले दिवे पाण्यावर डुलत निघालेले, पोरं पायऱ्यांवरून पाण्याकडे धावताहेत, आया मागून ओरडताहेत. काठापासून थोड्या अंतरावर एक नाव. तिच्यात दोरखंड, हवा भरलेली ट्यूब आणि खाकीतली माणसं. आरती सुरू झाली की घाटावरची माणसं हात जोडून डोळे मिटतात. नावेतल्यांना ती मुभा नाही. त्यांची नजर पाण्यावरच. कुणाचा पाय घसरला तर उडी घ्यायची ती त्यांनीच.

लोक त्यांना पोलिस समजतात. ते पोलिस नाहीत. ते होमगार्ड. मराठीत गृहरक्षक.

मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ असली, तरी तिथल्या होमगार्डचं मुख्यालय जबलपुरात आहे. प्रशिक्षणाची मोठी संस्थाही इथलीच. पुरात, धरणात, कोसळलेल्या घरांत धावून जाणारं राज्याचं आपत्ती पथकही याच खात्याच्या हाताखाली येतं. आणि या शहराला आपत्ती काही नवी नाही. २२ मे १९९७च्या पहाटे इथं जमीन हादरली, तिशीहून अधिक माणसं गेली, कोसमघाटसारखं गाव तर मातीला मिळालं.

या दलाची मूळ कल्पना मात्र अगदी साधी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४०मध्ये, इंग्लंडमध्ये वयानं किंवा नोकरीमुळं फौजेत जाऊ न शकलेल्यांनी फावल्या वेळात गाव राखायचं ठरवलं. कित्येकांच्या हाती सुरुवातीला बंदुकीऐवजी काठ्याच होत्या! आपल्याकडे ते आलं दंगलींच्या दिवसांत. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. ६ डिसेंबर हा आजही होमगार्ड दिन म्हणून पाळतात. पाठोपाठ १९४७मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचा कायदा झाला. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात, राजधानी नागपूर. म्हणजे आज ग्वारीघाटावर नाव राखणाऱ्याचा कायदा मूळचा नागपूरचा! पुढं १९६२मध्ये चीननं आक्रमण केलं आणि केंद्रानं राज्याराज्यांतल्या अशा दलांना एका साच्यात आणलं.

साचा असा : वय १८ ते ५०. शिक्षक, कारकून, शेतकरी, कामगार, विद्यार्थी, कुणीही यावं. तीन ते पाच वर्षं फावला वेळ द्यावा. कवायत, प्रथमोपचार, आग विझवणं शिकावं, बोलावणं आलं की हजर व्हावं आणि काम संपलं की आपापल्या पोटापाण्याला लागावं. गणवेश फुकट, ड्यूटीच्या दिवसाचा भत्ता. ब्रीद? निष्काम सेवा.

पण पोटापाण्याचं दुसरं साधन ज्याच्यापाशी नाही, त्यानं काय करायचं? गावाकडच्या, शहरातल्या गल्लीबोळांतल्या हजारो तरुणांसाठी खाकी हीच पहिली नोकरी ठरली. सरकारलाही ते सोयीचं पडलं. पोलिसांची भरती म्हणजे पगार, रजा, पेन्शन. होमगार्ड म्हणजे ड्यूटी असेल त्या दिवसाचे पैसे, बस्स! मग चौकात वाहतूक सांभाळायला होमगार्ड, गणपती-नवरात्रीत होमगार्ड, निवडणुकीला होमगार्ड, कचेरीच्या दारावर होमगार्ड. बोलावल्यावर त्याला पोलिसाचे अधिकार मिळतात. पगाराच्या दिवशी मात्र तो पुन्हा स्वयंसेवक होतो. अधिकार देताना पोलिस आणि पैसे मोजताना स्वयंसेवक, ही सोय सरकारनं अर्धशतकाहून अधिक काळ उपभोगली.

मरणाला काही हा फरक कळत नाही. मुंबईवरच्या नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात शहीद झालेल्यांत मुकेश जाधव हे होमगार्डही होते.

जबलपूरच्या होमगार्डांचं खरं दुखणं होतं ‘कॉल ऑफ’. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं ही पद्धत राहिली. ठरावीक काळ काम केलं की जवानाला दोनेक महिने घरी पाठवायचं. ना ड्यूटी, ना भत्ता. कारण? कायमचा झालास असं तुला वाटू नये! घरमालकाला, किराणावाल्याला, शाळेच्या फीला कॉल ऑफ नसतो. ते दोन महिने निभावते ती बायको. कुठं शिवणयंत्र, कुठं चार घरची पोळी-भाजी, कुठं माहेरची मदत. जवान मंडीत हमाली करतो आणि कालचा वर्दीतला माणूस आज पोतं उचलताना दिसला की ओळखीचे नजर चुकवतात. या कॉल ऑफविरुद्ध होमगार्ड जबलपूरच्याच उच्च न्यायालयात गेले, तेही पुन्हा पुन्हा. न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौलही दिले. पण कौल मिळणं आणि ड्यूटीच्या यादीत नाव लागणं यांत बरंच अंतर असतं.

सर्वोच्च न्यायालयानं ११ मार्च २०१५ रोजी हिमाचल, पंजाब, दिल्लीच्या होमगार्डांचा निकाल दिला. होमगार्ड हे नियमित कर्मचारी नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणजे कायम करण्याची आशा मावळली. पण त्यांचा रोजचा भत्ता असा हवा, की तीस दिवस धरले तर पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरेल. महाराष्ट्रानं त्यासाठी किती वेळ घेतला? २०२४मध्ये रोजचा भत्ता ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. तीस दिवसांचे झाले ३२,४९० रुपये. अर्थात, तीस दिवस बोलावणं आलं तर!

७ मे २०२५ रोजी देशभर युद्धसज्जतेचा सराव झाला. मध्य प्रदेशातल्या पाच शहरांत जबलपूर होतंच. तोफगाड्यांचा कारखाना, खमरियाचा दारूगोळा, लष्करी वाहनं, एवढं सगळं एका शहरात, वगळणार कसं? भोंगे वाजले, दिवे मालवले गेले. अशा वेळी लोकांना कुठं जायचं ते सांगणारी, जखमीला स्ट्रेचरवर घेणारी माणसं लागतात. १९६२मध्ये हे दल देशभर उभं केलं ते नेमकं याचसाठी. वाहतूक आणि बंदोबस्ताच्या धबडग्यात हे मूळ काम सरकारलाही अधूनमधूनच आठवतं.

तर जबलपूरच्या होमगार्डच्या घरी लेकीचं स्थळ बघायचं चाललेलं असतं. पाहुणे विचारतात, “वडील काय करतात?” आई म्हणते, “होमगार्डमध्ये आहेत.” पुढचा प्रश्न ठरलेला, “म्हणजे सरकारी नोकरीत ना?” आई चहाचे कप गोळा करायला उठते.